विश्लेषण : तीन वर्षांच्या मुलाला वही-पेन्सिलीची घाई का नको? बालविकासाचे सिद्धांत काय सांगतात?

खासगी नर्सरीत मुलाची वही भरते, अंगणवाडीत मात्र ‘नुसते खेळवतात’, अशी तक्रार अनेक पालक करतात. मराठवाड्यातील शहरे आणि तालुक्याची गावेही त्याला अपवाद नाहीत. दुसरीकडे, खेळ आणि गप्पा हेच लहान मुलाचे शिक्षण आहे, असे मानणारा ‘आरंभ’ हा उपक्रम राज्यात सुरुवातीला ज्या दोन जिल्ह्यांत राबवला गेला, त्यांपैकी एक तेव्हाचा औरंगाबाद, म्हणजे आजचा छत्रपती संभाजीनगर जिल्हा. मग बरोबर कोण? वही मागणारे पालक की खेळवणारी अंगणवाडी?

मूल शिकते कसे?

स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे (१८९६-१९८०) यांच्या मते लहान मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती नव्हे. त्याची विचार करण्याची रीतच वेगळी असते. पहिली दोन वर्षे ते हाताने, तोंडाने, रांगून जग समजून घेते. वाटी पुन्हा पुन्हा खाली टाकणे हा खोडकरपणा नसून प्रयोग असतो. साधारण दोन ते सात या वयात ते शब्द आणि कल्पना वापरू लागते, पण डोळ्यांना दिसते त्यावर अधिक विसंबते. एका भाकरीचे चार तुकडे केले की ‘आता जास्त भाकरी मिळाली’ असे त्याला वाटू शकते. अशा वयात अंक घोटून पाठ होतील, पण संख्येची समज येईलच असे नाही. ती वस्तू मोजून, वाटून, मांडून येते. पियाजे यांनी सांगितलेल्या वयाच्या सीमा फार ताठर आहेत आणि बाळांना त्यांना वाटले त्यापेक्षा अधिक कळते, हे पुढील संशोधनात दिसले. मूल स्वतःच्या कृतीतून शिकते हा त्यांचा गाभा मात्र टिकून आहे.

मोठ्यांचे काम काय?

लेव वायगॉट्स्की (१८९६-१९३४) या सोव्हिएत अभ्यासकाने यात महत्त्वाची भर घातली. मुलाला एकट्याने जमते ते आणि कोणाच्या मदतीने जमते ते, या दोहोंमधल्या पट्ट्यात खरे शिक्षण घडते, असे त्यांचे म्हणणे. आजी ज्वारी निवडत असताना नातवाला ‘खडा शोध बघू’ म्हणते, सुरुवातीला एक दाखवते आणि मग हात काढून घेते, तेव्हा ती हेच करत असते. त्यातली बोलाचाली कामाइतकीच मोलाची. बाळाने हुंकार द्यावा, आईने उत्तर द्यावे, बाळाने पुन्हा हसावे, ही देवाणघेवाण मेंदूच्या जडणघडणीला मदत करते, असे आजचे मेंदूविज्ञानही सांगते. मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहा वर्षांआधी होतो, असे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये नमूद आहे.

हे विचार महाराष्ट्रात नवे आहेत का?

नाहीत. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. मारिया मॉन्टेसरी यांची पद्धत जशीच्या तशी न उचलता ताराबाईंनी ती येथील परिस्थितीला जुळवून घेतली. १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम केले. महागड्या साधनांऐवजी बिया, पाने, शंख-शिंपले वापरले. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात न्यावी, ही त्यांची दृष्टी होती. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्या केंद्रालाही आपण अंगणवाडी म्हणतो.

‘आरंभ’ काय आहे?

अंगणवाडीतील पूर्वप्राथमिक शिक्षण तीन वर्षांनंतर सुरू होते. त्याआधीचे मूल घरीच असते, म्हणून पालक हेच त्याचे पहिले शिक्षक. हे ओळखून राज्याची एकात्मिक बालविकास यंत्रणा, युनिसेफ आणि सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था यांनी यवतमाळ आणि औरंगाबाद जिल्ह्यांत हे काम हाती घेतले. अंगणवाडी सेविकांना प्रशिक्षण, गृहभेटी, मातांच्या बैठका आणि पालक मेळावे असे त्याचे स्वरूप. बाळाशी बोलणे, गाणे म्हणणे, घरातल्या डब्या-वाट्यांनी खेळणे हे पोषणाइतकेच गरजेचे आहे, हा संदेश त्यातून दिला जातो.

मग लिहायला कधी शिकवायचे?

लिहिण्याआधी बोटांची ताकद आणि नजर-हाताचा मेळ लागतो. कणकेचे गोळे करणे, शेंगा सोलणे, मणी ओवणे, मातीत रेघोट्या ओढणे ही त्याचीच पूर्वतयारी. ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगता येणे ही वाचनाची पूर्वतयारी. २०२० च्या धोरणाने तीन ते आठ हा वयोगट एकच ‘पायाभूत स्तर’ मानला आहे. पहिली-दुसरीही त्यातच येते.

अडचण कुठे आहे?

मुलाला प्रतिसाद द्यायला मोठ्या माणसाकडे वेळ हवा. सेविकेकडे आहार, वजन-उंची, लसीकरणाला मदत, गृहभेटी आणि मोबाइलवरील नोंदी अशी कामांची रांग असते. मराठवाड्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. तेव्हा मुलाची अंगणवाडी सुटते आणि दिवसभर फडात राबणाऱ्या आई-वडिलांकडे गप्पांना उसंत उरत नाही. ज्या वयात सर्वाधिक संवाद हवा, त्याच वयात तो तुटतो. फडाजवळ मुलांची सोय आणि सेविकेचा कागदी भार कमी करणे, हे म्हणूनच बालशिक्षणाचेही प्रश्न ठरतात.

पालकांपुरते बोलायचे, तर मूल अंगणवाडीतून वा नर्सरीतून घरी आल्यावर ‘आज काय लिहिलं?’ऐवजी ‘आज काय खेळलास?’ असे विचारता येईल. आणि मूल सांगू लागले की ते शेवटपर्यंत ऐकता येईल.