साडेआठ येनांचा लांडगा

२३ जानेवारी १९०५. जपानमधल्या नारा प्रांतातलं वाशिकागुची हे डोंगरातलं गाव. माल्कम अँडरसन नावाचा तरुण अमेरिकन तिथल्या खानावळीत उतरला होता. पूर्व आशियातले प्राणी जमवून लंडनच्या संग्रहालयाला पाठवायचे, हे त्याचं काम. शिकाऱ्यांनी एक मेलेला लांडगा त्याच्यापुढे आणून टाकला. घासाघीस झाली आणि अखेर साडेआठ येनांवर सौदा पटला. कडाक्याची थंडी असूनही जनावराचं पोट निळसर पडू लागलं होतं. कातडं आणि कवटी लंडनला गेली. जपानी लांडग्याची शेवटची पक्की नोंद म्हणतात ती हीच. आपण शेवटचा लांडगा विकत घेतोय, याची त्या खोलीत कुणालाच कल्पना नव्हती.

हा लांडगा आपल्या माळरानावरच्या लांडग्याहूनही ठेंगणा, खांद्याशी जेमतेम दीडदोन फूट उंच. शेतकऱ्यांचं त्याच्याशी वैर नव्हतं, कारण पिकांत घुसणाऱ्या रानडुकरांना आणि हरणांना तोच आवरायचा. जपानी भाषेत लांडगा म्हणजे ‘ओकामी’. ‘थोर देव’ या अर्थाचा शब्दही उच्चाराला तसाच. चिचिबूच्या डोंगरातल्या मित्सुमिने देवस्थानात आजही दारात लांडग्यांच्या मूर्ती आहेत आणि आग, चोर यांपासून रक्षण करणारे लांडग्याचे छापील ताईत तिथे मिळतात. काही गावांत तर लांडगीण व्याली की लाल चवळीसारख्या दाण्यांचा भात नेऊन ठेवायची रीत होती. बाळंतिणीचा मान!

मग हा देव गेला कसा? अठराव्या शतकात नागासाकीकडून पिसाळरोग पसरला आणि पिसाळलेला लांडगा माणसांवर धावून येऊ लागला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या मेइजी काळात आधुनिक बंदुका आल्या, बक्षिसं लागली, जंगलं तुटली. उत्तरेच्या होक्काइदो बेटावरचा मोठा एझो लांडगा तर घोड्यांचे कळप राखण्यासाठी स्ट्रिक्निनचं विष घालून मारला गेला.

तरीही ‘लांडगा आला रे आला’ ही हाळी थांबलेली नाही. १४ ऑक्टोबर १९९६ला हिरोशी यागी यांना चिचिबूच्या जंगलातल्या रस्त्यावर कुत्र्यासारखं एक जनावर दिसलं. त्यांनी त्याचे जवळून एकोणीस फोटो काढले. त्यांनी तरुणपणी डोंगरात एकदा कोल्हेकुईपेक्षा वेगळी, लांब सूर धरलेली आरोळी ऐकली होती, आणि तेव्हापासून शोध सुरूच होता. योशिनोरी इमाइझुमी या बुजुर्ग प्राणिशास्त्रज्ञांना फोटोतल्या जनावरात लांडग्याच्या खुणा दिसल्या. इतरांना दिसला तो रानात सोडलेला शिकोकू जातीचा कुत्रा. यागींनी पुढे डोंगरभर स्वयंचलित कॅमेरे लावले.

माझं मत विचाराल तर लांडगा उरलेला नसावा. एकटा लांडगा शंभर वर्षं जगत नाही. कळप हवा, पिल्लं हवीत. आणि कळप असेल तर गाडीखाली मेलेलं एखादं जनावर, विष्ठा, दात असं काहीतरी इतक्या वर्षांत हाती लागायला हवं होतं. पण यागींचे फोटो वेड्याचे म्हणून बाजूला सारता येत नाहीत. कारण आपण शोधतोय ते जनावर नेमकं दिसायचं कसं, यावरच मुळात एकमत नाही.

ही गोची जुनी आहे. १८२०च्या दशकात देजिमा बेटावर राहिलेल्या फिलिप फ्रान्झ फॉन सीबोल्ट या जर्मन डॉक्टरला जपानी लोकांनी दोन वेगळी नावं सांगितली होती : ओकामी आणि यामाइनु, म्हणजे डोंगरी कुत्रा. त्याने ती वेगळी मानली. त्याचे नमुने हॉलंडमधल्या लायडनला पोचले आणि तिथे टेमिंक या शास्त्रज्ञाने १८३९मध्ये दोन्ही एकाच नावाखाली घातले. आता लायडनमधल्या पेंढा भरलेल्या नमुन्याच्या जनुकांत कुत्र्याचाही अंश सापडला आहे. म्हणजे ज्याच्याशी ताडून पाहायचं, तोच संकरित! आपल्याकडेही पुण्याजवळच्या माळरानावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं आहे, तेव्हा हे नवल फक्त जपानचं नव्हे.

त्यामुळे अलीकडचा सगळ्यात मोलाचा शोध जंगलात लागला नाही, यात मला आश्चर्य वाटत नाही. २०२०मध्ये चौथीतली एक मुलगी त्सुकुबाच्या राष्ट्रीय संग्रहालयाचं कोठार पाहायला गेली होती. लांडग्यांचं वेड असलेल्या या पोरीला रांगेतल्या एका पेंढा भरलेल्या जनावराची ठेवण ओळखीची वाटली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘यामाइनुचा एक प्रकार’. तिने संग्रहालयाला विचारलं, मग अभ्यासकांसोबत मापं घेतली, जुनी दप्तरं उलगडली. हे बहुधा एकोणिसाव्या शतकात तोक्योच्या उएनो प्राणिसंग्रहालयात ठेवलेलं जनावर होतं. २०२४मध्ये ती सातवीत असताना शोधनिबंध छापून आला : हा जपानी लांडगाच असावा. जपानमध्ये पेंढा भरलेले असे नमुने तोवर तीनच माहीत होते. हा चौथा त्या चिठ्ठीआड कोठारात उभा होता.