आपल्याच शेजारची बेटे

पॅसिफिक महासागरातील तुवालू, किरिबाती या बेटांची नावे आपली मुले भूगोलात वाचतात. तिथल्या काही दूरच्या बेटांवर जायला दिवसचे दिवस बोटीत काढावे लागतात, याचे त्यांना मोठे नवल वाटते. पण बांधवांनो, तशी बेटे पाहायला एवढ्या लांब जायची गरज नाही. चोपड्याहून शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा करत मोलगीपर्यंत जावे आणि घाट उतरून नर्मदेवर पोहोचावे. पुढे रस्ता नाही, बोट आहे. हा पूर्वीचा आपला धुळे जिल्हा. 1 जुलै 1998 पासून नंदुरबार.

आम्ही काही कार्यकर्ते तिकडे गेलो. बोट पुढे सरकते तशी पाण्यातून वर आलेली वाळकी झाडे दिसतात. कधीकाळी तिथे शेत होते. सरदार सरोवर धरणामुळे महाराष्ट्रातील 33 आदिवासी गावे बाधित झाली. त्यांत बुडितात पहिले आले ते मणिबेली. धरणाची उंची 138.68 मीटर झाली आणि सप्टेंबर 2019 मध्ये ते प्रथमच काठोकाठ भरले. खालची जमीन गेली, वरच्या टेकड्या राहिल्या. चहूबाजूंनी पाणी आले की अशा टेकडीला टापू म्हणतात. नर्मदा लवादाने 1979 साली बाधित खातेदाराला किमान 2 हेक्टर जमीन देण्याचे ठरवले होते. पण निवाडा कागदावर लगेच उतरतो, जमिनीवर यायला पिढी जाते.

इथे दवाखानाही पाण्यावरून येतो. त्याला तरंगता दवाखाना म्हणतात. 2020 साली कोरोनाच्या भीतीने बाया अंगणवाडीत येईनाशा झाल्या. तेव्हा चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे स्वतः होडी वल्हवत पाड्यांवर गेल्या. बाळांची वजने केली, गरोदर बायांना आहार पोचवला. या कामासाठी त्यांना कोणी हुकूम दिला नव्हता. याच चिमलखेडीत 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदा बचाओ आंदोलनाची जीवनशाळा उभी राहिली. मुलांनी आपल्या बोलीत शिकावे, हा तिचा हेतू.

परमपूज्य बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेत त्यांचा मोठा वाटा होता. धरणाने वीज यावी, शेती भिजावी, हे त्यांना हवेच होते. म्हणून धरण हवे की नको, एवढ्यावर आपण थांबू नये. त्याचा लाभ कोणाला आणि तोटा कोणाला, हे विचारावे. 20 मार्च 1927 रोजी महाडला आपण पाण्याचा हक्क मागितला. या लोकांच्या दारात पाणीच पाणी आहे, पण आजारी बाईला दवाखान्यात न्यायला बोटीची वाट पाहावी लागते.

येत्या पौर्णिमेला विहारात या बेटांची माहिती मुलांना जरूर सांगावी. नकाशा काढून दाखवावा. ज्यांना जमेल त्यांनी तिकडे जाऊन यावे. मात्र मौज म्हणून नव्हे, माणसे भेटायला. जयभीम!