आरएफटी दोन प्रकारची

कुष्ठरोगावरच्या एका औषध-चाचणीचे माहितीपत्रक मराठीत करायला माझ्याकडे आले होते. दुसऱ्या पानावर अट होती, आरएफटी होऊन किमान दोन वर्षे झालेली असावीत. चौथ्या पानावर दुसरी अट, आरएफटी बिघडलेली असल्यास भाग घेता येणार नाही. पहिली आरएफटी म्हणजे ‘रिलीज फ्रॉम ट्रीटमेंट’, ठरलेला औषधांचा कोर्स पूर्ण झाल्याची नोंद. दुसरी ‘रीनल फंक्शन टेस्ट’, मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे पाहणारी तपासणी. आधी कुणीतरी करून ठेवलेला मसुदा सोबत जोडला होता. त्यात दोन्ही ठिकाणी ‘मूत्रपिंडाची तपासणी’. म्हणजे किडनी तपासून दोन वर्षे उलटली असतील तर या, असे ते पत्रक पेशंटला सांगत होते.

वडाळ्यात राहून वैद्यकीय भाषांतर करणाऱ्याच्या वाट्याला अशी अक्षरे येतातच. महापालिकेचे ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय इथलेच. १८९० साली ते ‘होमलेस लेपर असायलम’ म्हणून सुरू झाले, पत्ता तेव्हा माटुंग्याचा लागायचा. ज्यांचे नाव त्याला आहे ते हॅरी आर्बथनॉट ॲक्वर्थ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर, आणि फावल्या वेळात आमच्याच धंद्यातले. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर त्यांनी मराठ्यांचे ऐतिहासिक पोवाडे जमवून १८९१ मध्ये छापले आणि १८९४ मध्ये त्यातले काही इंग्रजी पद्यात आणले. पोवाड्यांनी त्यांची दमछाक केली असेल, पण निदान शाहीर अख्खे शब्द तरी वापरत होते. डॉक्टर वापरत नाहीत.

कुष्ठरोगाच्या केसपेपरवर नजर टाकली की हे कळते. रिडली आणि जॉपलिंग यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या वर्गवारीत रोगाचे पाच प्रकार आहेत : टीटी, बीटी, बीबी, बीएल, एलएल. यातला टीटी म्हणजे ट्युबरक्युलॉइड कुष्ठ. पण कॅज्युअल्टीत टीटी म्हटले की धनुर्वाताचे इंजेक्शन. बीटी हा रोगाचा एक प्रकार, तसाच रक्त थांबायला लागणारा वेळही. एलएल हा लेप्रोमॅटस प्रकार असू शकतो, नाहीतर नुसता ‘लोअर लिंब’, म्हणजे पाय. एमडीटी ही कुष्ठरोगावरची तीन औषधांची उपचारपद्धती; परळच्या कॅन्सरच्या कागदांत तीच एमडीटी म्हणजे निरनिराळ्या विभागांच्या डॉक्टरांनी एकत्र बसून केस ठरवणे. हार्बर लाइनवर एकच स्टेशन मागे गेले की शिवडीचे टीबी हॉस्पिटल. तिथल्या कागदावर आरआर आले तर रिफाम्पिसिनला दाद न देणारा क्षय. वडाळ्याच्या कागदावर तेच आरआर म्हणजे रिव्हर्सल रिअ‍ॅक्शन, उपचार चालू असताना किंवा नंतर चट्टे लाल होऊन सुजतात, नसा दुखतात ती. गंमत अशी की रिफाम्पिसिन दोन्हीकडे देतात, त्यामुळे औषधाचे नाव बघून निकाल लागत नाही. आणि नाडी, रक्तदाब यांच्या रांगेत आरआर असेल तर तो नुसता श्वासाचा वेग.

मग ओळखायचे कसे? डिक्शनरी इथे फार चालत नाही, ती सगळेच अर्थ देते आणि गप्प बसते. अक्षरांच्या शेजारी काय आहे ते पाहावे लागते. एमआयचे उदाहरण घ्या. ‘एमआय २०१९’ असे पूर्वेतिहासाच्या रकान्यात असेल तर त्या साली हार्ट अटॅक येऊन गेला आहे. ‘एमआय २%’ असे त्वचेच्या स्मिअरच्या रिपोर्टवर असेल तर तो मॉर्फोलॉजिकल इंडेक्स, म्हणजे सापडलेल्या जंतूंपैकी किती अखंड रंगले, याचा अंदाज. टक्क्याच्या एका चिन्हाने हृदयविकार नाहीसा होतो. बहुतेक वेळा त्याच्याच शेजारी बीआय असते आणि पुढे ‘४+’ सारखा आकडा. बीआय दिसला की एमआयबद्दल शंका उरत नाही. आरआरच्या पुढे ‘१८/मिनिट’ असेल तर श्वास. आरएफटीच्या मागे ‘डेट ऑफ’ असेल तर उपचार संपल्याची तारीख, पुढे क्रिएटिनिन असेल तर किडनी. एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर ज्याने कागद लिहिला त्याला विचारायचे. पाठवलेल्या प्रश्नांची यादी मोठी झाली म्हणून एजन्सीवाले कुरकुरतात. कुरकुरू देत.

स्पॅनिशमध्ये भाषांतर करणाऱ्याला मराठीवाल्याची एक सोय नाही. तिकडे अक्षरे त्यांच्या भाषेत फिरवून घेतात. एड्सचा सिदा होतो, एचआयव्हीचा व्हीआयएच, डीएनएचा एडीएन. श्वासाचा वेग असेल तर आरआरचा एफआर होतो. पण संख्याशास्त्रातला ‘रिलेटिव्ह रिस्क’ असेल तर आरआर आरआरच राहतो, कारण स्पॅनिशमध्येही दोन्ही शब्द आर वरूनच सुरू होतात. म्हणजे अर्थ ठरवल्याशिवाय त्या माणसाला लेखणी पुढे रेटताच येत नाही. फर्नांडो नवारो या स्पॅनिश डॉक्टर-भाषांतरकाराने वैद्यकीय संक्षेपांचा प्रचंड कोश त्यासाठी केला आहे. आपल्याकडे ज्याची त्याची वही.

आणि आपली सोय कोणती, तर देवनागरी. आर, एफ, टी असे लिहिले की झाले काम. अर्थ कळो न कळो, वाक्य पूर्ण होते, बिल निघते. यात आणखी एक मेख आहे. चाचणीच्या कागदांचे भाषांतर बरोबर आहे की नाही हे तपासायला दुसऱ्या माणसाकडून मराठीचे पुन्हा इंग्रजी करून घेतात, त्याला बॅक ट्रान्सलेशन म्हणतात. ज्याने ‘मूत्रपिंडाची तपासणी’ असे चुकीचे लिहिले, तो इथे पकडला जातो. ज्याने नुसते ‘आरएफटी’ लिहिले, त्याचे परत आरएफटीच होते, दोन्ही कागद तंतोतंत जुळतात आणि एथिक्स कमिटीपुढे फाइल स्वच्छ जाते. पेशंटला मात्र काहीच कळलेले नसते. चुकणाऱ्याला धरणारी आणि टाळणाऱ्याला सोडणारी ही पद्धत आहे, आणि माझ्या मते टाळणारा जास्त घातक.

सगळीच अक्षरे फोडावीत, असेही माझे म्हणणे नाही. टीबी, एचआयव्ही, ईसीजी हे आता मराठी शब्द आहेत. कुष्ठरोगाच्या पेशंटला एमडीटी सांगावी लागत नाही, महिनोन्‌महिने तीच पाकिटे त्याने घेतलेली असतात. तिथे ‘बहुविध औषधोपचार’ लिहिणे म्हणजे ओळखीच्या माणसाला टोपणनाव सोडून पूर्ण नावाने हाक मारणे. या शहराला अक्षरे शब्दांपेक्षा प्रिय आहेत, हेही खरे. शेजारच्या व्हीजेटीआयमधली व्हिक्टोरिया ज्युबिली १९९७ मध्ये वीरमाता जिजाबाई झाली, अक्षरे तीच राहिली. बेस्टमधल्या बॉम्बेचे बृहन्मुंबई झाले, बसवर बेस्टच. पोर्ट ट्रस्टचे नाव बदलले तरी वडाळ्यातली माणसे अजून बीपीटीच म्हणतात, आणि फिजिओथेरपीच्या पदवीलाही बीपीटीच म्हणतात. मराठी कागदही काही कमी नाहीत. ‘ता. खेड’ हा तालुका आणि ‘ता. ५’ ही तारीख, यात आपण अडखळत नाही, कारण लहानपणापासून पाकिटे वाचत आलो. पेशंटने केसपेपर तसे वाचलेले नसतात.

त्या पत्रकात मी दुसऱ्या पानावर ‘कुष्ठरोगाच्या औषधांचा पूर्ण कोर्स संपून उपचारमुक्त झाल्याला किमान दोन वर्षे’ असे लिहिले. ‘रोगमुक्त’ किंवा ‘बरे झाल्याला’ लिहिले असते तर वाक्य आटोपशीर झाले असते. पण कोर्स संपल्यावरही रिअ‍ॅक्शन येऊ शकते, हातापायांतली बधिरता राहू शकते. अशा माणसाने ‘मी कुठे बरा झालोय’ म्हणून पहिल्याच अटीवर कागद बाजूला ठेवला असता. चौथ्या पानावर ‘मूत्रपिंडाचे काम नीट चालत नाही असे तपासणीत दिसल्यास’. दोन्ही वाक्यांपुढे समासात मूळ अक्षरे आणि त्यांचा त्या जागचा अर्थ लिहून पाठवला, म्हणजे बॅक ट्रान्सलेशन करणाऱ्यालाही ते टाळता येणार नाही. इंग्रजीपेक्षा मराठी पत्रक लांब झाले, अशी तक्रार आली. झालेच होते.

औषध-चाचणीची संमती पेशंटला समजेल अशा भाषेत घेतली पाहिजे आणि माहितीपत्रकाची प्रत त्याला दिली पाहिजे, हे २०१९ च्या ‘न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स’मध्येच आहे. तेव्हा तुमच्यापुढे किंवा घरातल्या कुणापुढे असा कागद आला, तर न कळलेल्या अक्षरांखाली रेघ मारा आणि डॉक्टरांकडून त्यांचा पूर्ण शब्द तिथेच लिहून घ्या. सही त्यानंतर करा, आणि प्रत घरी न्या.