वाऱ्याचें गणित

शिडांचें युग कोळशाच्या धुरांत कायमचें लोपलें, अशी पुष्कळांची समजूत असेल. परंतु मोठमोठ्या मालवाहू जहाजांवर वारा पुन्हां चाकरीस लागला आहे. जर्मनींत फ्लेट्नर नांवाच्या शोधकानें 1924 सालीं ‘बुकाऊ’ या नौकेवरील शिडें उतरवून दोन उंच फिरते स्तंभ उभे केले. फिरत्या स्तंभावर वारा आला असतां वाऱ्याशीं काटकोनांत ओढ उत्पन्न होते. त्या बळावर ती नौका 1926 त अटलांटिक ओलांडून गेली. पुढें ती युक्ति मागें पडली. 2018 त ‘मर्स्क पेलिकन’ या तेलवाहू जहाजावर तसेच 30 मीटर उंचीचे दोन स्तंभ बसले, आणि वर्षभराच्या मोजणीअंतीं इंधनाची बचत 8.2 टक्के ठरली.

आतां दुसरा जहाजमालक विचारील, ‘मलाहि तितकेंच मिळेल काय?’ याचें उत्तर एकट्या स्तंभांत नाहीं. तें काढण्यासाठींच संगणकाचें सॉफ्टवेअर लागतें.

जहाज ताशीं 12 सागरी मैल चाललें आहे, आणि तितक्याच वेगाचा वारा बरोबर बाजूनें येत आहे, असें धरूं. समांतरभुज चौकोनाचा नियम शिकलेला विद्यार्थीहि सांगेल कीं, जहाजावर तो वारा सुमारें 17 मैलांचा होऊन समोरच्या दिशेशीं 45 अंशांचा कोन करून येईल. तोच वारा पाठीमागून आला तर? अनुकूल वारा म्हणून आपण हर्ष मानूं. पण जहाजावर उरतो शून्य वारा, आणि स्तंभ निरुपयोगी!

शिवाय ही ओढ जहाजास बाजूला सारते, कलविते. दिशा राखण्यास सुकाणूं वळवावें लागतें, त्यानें पाण्याचा विरोध वाढतो, आणि मिळकतीचा कांहीं अंश तेथेंच खर्चीं पडतो. या सर्व प्रेरणा परस्परांस तोलतील असा वेग, किंवा ठरलेल्या वेगास यंत्राची किती शक्ति लागेल तें, सॉफ्टवेअर पुनः पुनः आंकडे घालून शोधतें. शर्यतीच्या नौकांसाठीं अशी रीत अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या संस्थेंत 1970 नंतरच्या दशकांत सिद्ध झाली होती. मग मार्गावरील कित्येक वर्षांच्या हवामानाच्या नोंदी घालून जहाज आंकड्यांतच शेंकडों वेळां प्रवास करून येतें.

या हिशेबावर मालकाचें मोठें भांडवल गुंतावयाचें असतें. म्हणून मार्ग, वेग व ऋतु न सांगतां विक्रेता नुसतीच टक्केवारी सांगूं लागला, तर आम्ही तरी ती ग्राह्य धरणार नाहीं. खरा पडताळा समुद्रावरच व्हावयाचा: स्तंभ कांहीं वेळ फिरवावयाचे, कांहीं वेळ थांबवावयाचे, आणि दोन्ही वेळचा खर्च मोजावयाचा. लाटा व प्रवाह मध्येंच बदलतात. त्यामुळें ही मोजणी एकदां करून भागत नाहीं.