स्क्रीनवर गुळगुळीत दिसणारा गिअर मशीनमधून खडबडीत का निघतो?

प्लायवूडच्या गिअरवर चालणारी घड्याळं, ॲक्रिलिकची खेळणी, कॉलेज प्रोजेक्टसाठी ॲल्युमिनियममध्ये कापलेली दातेरी चाकं. असे रील्स पाहिले की आपणही एखादा गिअर बनवून घ्यावा, असं अनेकांना वाटतं. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, डिझाईन तासाभरात होतं, फाईल व्हॉट्सॲपवरून वर्कशॉपला जाते. मग जॉब हातात येतो आणि दात्यावरून नख फिरवलं की बारीक पायऱ्या लागतात. दोन गिअर जोडून फिरवले की खडखड, मध्येच अडकणं. मटेरिअलचे आणि मशीनच्या वेळेचे पैसे तोवर गेलेले असतात.

पहिला संशय सीएनसी मशीनवर येतो. मशीन जुनं असू शकतं, कटर बोथट असू शकतो. पण त्या पायऱ्या प्रत्येक दात्यावर अगदी त्याच जागी, सारख्याच अंतरावर असतील, तर त्या बहुधा फाईलमधूनच आलेल्या असतात. मशीनने फक्त सांगितलेलं काम केलं.

दाता म्हणजे नुसता उंचवटा नाही

रिळावरचा दोरा ताणून धरत सोडवत गेलं, तर दोऱ्याचं टोक हवेत ज्या वाटेने जातं, ती वक्ररेषा म्हणजे इन्व्होल्यूट. आजच्या बहुसंख्य गिअरच्या दात्यांची बाजू याच रेषेची असते. अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने दात्यांसाठी ती सुचवली. तिची खुबी अशी की एक चाक एका वेगाने फिरलं तर दुसरंही न अडखळता ठरलेल्या वेगाने फिरतं. दोन चाकांमधलं अंतर थोडं इकडे-तिकडे झालं, तरी वेगाचं गुणोत्तर बदलत नाही.

ही रेषा तुटक झाली, की वेग प्रत्येक दात्यागणिक सूक्ष्म कमी-जास्त होतो. कानाला ती खडखड वाटते आणि दाता लवकर झिजतो. म्हणून गिअरच्या बाबतीत गुळगुळीतपणा हा दिसण्याचा प्रश्न नाही.

गोलाई हरवते ती ‘एक्स्पोर्ट’ करताना

थ्रीडी प्रिंटिंगमुळे एसटीएल फाईल सगळ्यांच्या ओळखीची झाली. १९८७ मध्ये थ्रीडी सिस्टिम्स या कंपनीने ती आणली. या फाईलमध्ये वक्ररेषा नसतातच. असतात ते फक्त सपाट त्रिकोण. त्यामुळे वर्तुळ म्हणजे प्रत्यक्षात अनेक बाजूंचा बहुभुज.

१०० मिमी व्यासाचं वर्तुळ ३६ सरळ रेषांत तोडलं, तर प्रत्येक रेषेच्या मध्यावर खऱ्या गोलाईपासून सुमारे ०.१९ मिमीचा फरक पडतो. म्हणजे झेरॉक्सच्या जवळपास दोन कागदांची जाडी. ३६० रेषा घेतल्या तर तोच फरक ०.००२ मिमीवर येतो. स्क्रीनवर मात्र हे कळत नाही, कारण सॉफ्टवेअर त्रिकोणांच्या कडांवर सावल्यांची सफाईदार छटा चढवतं. डोळा फसतो, कटर फसत नाही.

मग हजारो बिंदू दिले तर?

हा उपाय सगळ्यांना सुचतो, पण तो अर्धाच आहे. सीएनसीला दिल्या जाणाऱ्या जी-कोडमध्ये जी-०१ म्हणजे सरळ जा, जी-०२ आणि जी-०३ म्हणजे कमानीत जा. गिअरची बाजू हजारो बारीक रेषांत दिली, की कंट्रोलरला सेकंदाला ढीगभर ओळी वाचाव्या लागतात. जुन्या किंवा स्वस्त कंट्रोलरची तिथे दमछाक होते. मशीन हळू होतं, मध्येच थबकतं, आणि कटर जिथे थबकतो तिथे जॉबवर डाग उमटतो. म्हणजे खडबडीतपणा घालवायला गेलो आणि नवीनच घेऊन आलो.

चांगला मार्ग असा की वक्ररेषा वक्ररेषाच राहू द्यायची. टूलची वाट आखणारं कॅम सॉफ्टवेअर ती मोजक्या कमानींत बसवतं आणि चूक ठरलेल्या मर्यादेत ठेवतं. त्यासाठी त्याला मूळ रेषा मिळायला हवी. थ्रीडी मॉडेल असेल तर स्टेप फाईल, सपाट कापायचं असेल तर डीएक्सएफ. डीएक्सएफ सेव्ह करताना ‘स्प्लाईनचं पॉलिलाईन करा’ असा पर्याय अनेक सॉफ्टवेअरमध्ये असतो. वर्कशॉपचं कॅम स्प्लाईन वाचत असेल, तर तो बंद ठेवावा. हे आधी विचारून घेतलेलं बरं.

आणि तुटक रेषा निवडून ‘स्मूथ’चं बटण दाबणं? रेषा देखणी होईल, पण सॉफ्टवेअरला इन्व्होल्यूट माहीत नाही. ते कोपरे आपल्या अंदाजाने वळवतं आणि दात्याचा आकारच बदलतो. त्यापेक्षा मॉड्यूल, दात्यांची संख्या आणि प्रेशर अँगल देऊन गिअर पुन्हा काढावा. फ्रीकॅड आणि इंकस्केप या दोन्ही मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय आहे. जोडीतल्या दोन्ही गिअरचं मॉड्यूल आणि प्रेशर अँगल सारखाच हवा. हल्ली तो सहसा २० अंश असतो.

कटरला कोपरा कळत नाही

फाईल निर्दोष असली तरी एक अडचण उरते. कटर गोल असतो, त्यामुळे आतल्या बाजूचा टोकदार कोपरा त्याला काढताच येत नाही.

मॉड्यूल २ आणि २० दाते असलेला साधा गिअर घ्या. त्याचा पिच व्यास ४० मिमी, बाहेरचा ४४ मिमी. दोन दात्यांमधली फट तोंडाशी साडेपाच मिमी, मध्ये सुमारे ३.१ मिमी आणि तळाशी जेमतेम सव्वादोन मिमी. ६ मिमीचा कटर तोंडातच अडकेल. ३ मिमीचा अर्ध्यापर्यंत जाईल. तळ गाठायला २ मिमीचाच हवा, आणि तोही कोपऱ्यात १ मिमी त्रिज्येची गोलाई सोडेल. ती गोलाई डिझाईनमध्येच दाखवलेली असावी. जाड स्टीलमध्ये एवढा बारीक कटर चालवणं म्हणजे तो मोडण्याची तयारी ठेवणं. तिथे वायरकट परवडतो, कारण त्याची तार साधारण पाव मिमीची असते. मात्र ज्यातून वीज वाहते, असंच मटेरिअल त्यावर कापता येतं.

कटरच्या जाडीची भरपाई कोण करणार, हेही फाईलसोबत लिहून द्यावं लागतं. डिझाईन करणाऱ्याने रेषा बाहेर सरकवली आणि ऑपरेटरनेही सवयीने सरकवली, तर दाते ठरल्यापेक्षा जाड होतात आणि गिअर एकमेकांत जातच नाहीत. तसंही दोन दात्यांमध्ये थोडी मोकळी जागा लागतेच. ती शून्य ठेवली, तर प्लायवूडचे गिअर पावसाळ्यात फुगून जाम होतात.

कारखान्यांत मोठ्या संख्येने बनणाऱ्या गिअरला हा सगळा व्याप नसतो, हे इथे सांगायला हवं. तिथे हॉबिंग मशीन असतं आणि हॉब नावाचं टूल फिरता फिरता दात्याचा आकार स्वतःच घडवतं. ड्रॉइंगवर आकडे पुरतात. फाईलची कटकट आहे ती एक-दोन नग बनवणाऱ्यांना.

मापं बदलून जातात, ती कशी?

एसटीएलमध्ये माप मिलिमीटरचं की इंचाचं, हे लिहिलेलंच नसतं. चुकीचं एकक धरलं की जॉब थेट २५.४ पट होतो. तो घोळ निदान लगेच दिसतो. छुपा घोळ इंकस्केपच्या जुन्या फाईलमध्ये सापडतो. २०१७ मध्ये या सॉफ्टवेअरने इंचामागे ९० ऐवजी ९६ पिक्सेल धरायला सुरुवात केली. जुनी फाईल तपासल्याशिवाय वापरली, तर ४० मिमीचा गिअर ३७.५ मिमीचा होऊ शकतो. डोळ्यांना तो ठीकच वाटतो, शाफ्टवर चढवताना कळतं.

म्हणून जाणकार फाईलसोबत पीडीएफ देतात आणि त्यात बाहेरचा व्यास, बोअर आणि दात्यांची संख्या लिहितात. सुटी टोकं आणि एकावर एक पडलेल्या रेषा आधीच काढलेल्या असतात, नाहीतर कॅमला आकार बंद आहे हेच कळत नाही किंवा कटर तीच वाट दोनदा चालतो. खऱ्या मटेरिअलला हात लावण्याआधी ते एमडीएफच्या तुकड्यावर जोडी कापून घेतात आणि हाताने पूर्ण एक फेरा फिरवून पाहतात.