जंतांचा उलटा श्वास

वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, अंगणवाडीत आणि शाळेत मुलांना जंताची गोळी दिली जाते. १ ते १९ वर्षे वयाच्या सर्वांसाठी असलेला राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून पाळला जातो. गोळीतले औषध असते अल्बेंडाझोल. जालना जिल्ह्यातल्या वाटूरसारख्या शेतकरी गावात हेच औषध गोठ्यातही पोहोचते, शेळ्या-मेंढ्यांना पाजायच्या बाटलीतून. गोळी घेतली, जंत पडले, विषय संपला, असे आपण धरून चालतो. पण जंत इतक्या सहज हार मानणारा जीव नाही.

त्याच्यापुढची पहिली अडचण आहे हवेची. आतड्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. आपल्या पेशींना तिथे पुरेशी ऊर्जा मिळवता आली नसती. तरी वीतभर किंवा त्याहून लांब वाढणारा गोल जंत, म्हणजे ॲस्कॅरिस, त्याच जागी राहतो आणि त्याची मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. एवढे बळ येते कुठून?

विकर तेच, दिशा उलटी

उत्तर त्याच्या विकरांत, म्हणजे एन्झाइममध्ये आहे. पेशीतली प्रत्येक रासायनिक क्रिया घडवून आणणारी ही प्रथिने. अन्नातून ऊर्जा काढताना इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे दिले जातात आणि शेवटी ते ऑक्सिजन स्वीकारतो. या साखळीतले एक विकर सक्सिनेट नावाच्या पदार्थाचे फ्युमरेट करते. ऑक्सिजन नसेल तर साखळी तुंबते.

आतड्यातला जंत हेच काम उलटे करतो. त्याच्याकडचे त्याच जातकुळीचे विकर फ्युमरेटचे सक्सिनेट करते. इलेक्ट्रॉन ऑक्सिजनऐवजी फ्युमरेटच्या पदरात पडतात आणि साखळी चालू राहते. त्यासाठी इलेक्ट्रॉनची ने-आण करणारा रेणूही वेगळा लागतो. आपल्याकडे ते काम युबिक्विनोन करतो. जंत त्याजागी रोडोक्विनोन वापरतो. हा रेणू माणसाच्या किंवा शेळीच्या शरीरात नसतो, असे बराच काळ मानले जात होते.

गंमत अशी की, जंत आयुष्यभर असा जगत नाही. त्याचे अंडे मातीत वाढते, तेव्हा त्याला ऑक्सिजन लागतो. पोटात गेल्यावर अंड्यातून निघालेली अळी फुप्फुसातून फिरून येते. तिथेही ऑक्सिजन भरपूर. आतड्यात मुक्काम ठोकल्यावर मात्र कारभार बदलतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून या बदलामागची कळ समजली. ‘कॉक-२’ नावाचे एकच जनुक जंताच्या पेशी दोन तऱ्हांनी वाचतात. एका वाचनातून युबिक्विनोनची वाट उघडते, दुसऱ्यातून रोडोक्विनोनची.

मातीत राहणारा, कोणाच्याही पोटात न जाणारा सीनोरॅब्डायटिस एलिगन्स हा सूक्ष्म कृमीही ऑक्सिजन कमी पडला की रोडोक्विनोन वापरतो. म्हणजे हे हत्यार केवळ आपल्या आतड्यासाठी घडलेले नाही. ओल्या, कुजत्या मातीत उपयोगी पडणारी युक्ती परोपजीवी कृमींना पोटातही कामी आली, असे दिसते.

गोठ्यातला इशारा

याचा आपल्याशी संबंध काय? अल्बेंडाझोल ही विकरे बंद पाडत नाही. ते जंताच्या पेशीचा सांगाडा उभारणाऱ्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटते. शेळ्या-मेंढ्यांचे रक्त पिणाऱ्या हिमॉन्कस या जंताने तिथेच पळवाट काढली. ट्युब्युलिनमधला एखादा घटक बदलला की औषध नीट चिकटत नाही. असे औषधाला दाद न देणारे जंत भारतासह जगभर आढळले आहेत. शेळीला गरिबाची गाय म्हणतात. तिच्या डोळ्याची आतली पापणी पांढरी पडली, जबड्याखाली सूज आली आणि औषधही लागू पडले नाही, तर नुकसान थेट घरात येते.

म्हणूनच शास्त्रज्ञांचे लक्ष रोडोक्विनोनकडे आहे. जंत ज्या वाटेवर विसंबून जगतो, तिच्यावर घाव घातला तर रुग्णाला इजा न होता जंत मरेल, अशी आशा आहे. पण नवे औषध बाजारात यायला वर्षे लागतात. तोवर हाताशी असलेले औषध जपून वापरणे, हाच उपाय.

अंदाजाने कमी मात्रा पाजू नये. अर्धवट मात्रेत चिवट जंतच वाचतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. मेंढीची मात्रा शेळीला चालेलच असे नाही, ती पशुवैद्यकाला विचारावी. सगळ्या कळपाला वरचेवर औषध पाजण्याऐवजी लेंडी तपासून, पापणी पाहून गरज असलेल्यांनाच द्यावे. ज्यांना औषध दिले नाही, त्यांच्या पोटातले साधे जंत चिवट जंतांशी संकर करतात आणि औषधाची धार टिकते.

मुलांची गोळी मात्र चुकवू नये. ती चावून खायची असते. मूल आजारी असेल तर बरे झाल्यावर द्यावी. सोबत शौचालयाचा वापर, जेवणाआधी साबणाने हात धुणे, भाजी स्वच्छ धुणे आणि पायात चप्पल हवी. जंताची अंडी आणि अळ्या मातीतूनच येतात. ती वाट बंद झाली, तर गोळीवरचा भारही हलका होईल.