वार ठरवा, पण शेवटही ठरवा

रत्नागिरी जिल्ह्याचे नऊ तालुके, मंडणगडपासून राजापूरपर्यंत पसरलेले, मधे खाड्या आणि घाटवळणं. बागायतदारांची संस्था असो की गावाचं मुंबईकर मंडळ, सगळ्यांना वरचेवर एकत्र बोलवायचं तर ऑनलाइन बैठकच परवडते. ती टिकवायची असेल तर वार एकदाच ठरवून टाकावेत, असं माझं ठाम मत आहे. ‘या आठवड्यात कधी जमेल?’ असं दर वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारत बसलं की बैठकीचा निम्मा उत्साह उत्तरं गोळा करण्यातच संपतो. जिल्हास्तरावरचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, त्यामुळे तक्रारदाराला तारीख शोधावी लागत नाही. आठवडा बाजारही वारावरच भरतो.

गूगल कॅलेंडरमध्ये ‘दर आठवड्याला’ हा पर्याय घेऊन हवे ते वार निवडता येतात. इंग्रजी पडद्यावर वारांची नुसती आद्याक्षरं दिसतात आणि ‘टी’ दोनदा येतो, तेव्हा मंगळवारऐवजी गुरुवार निवडला जाणं सहज शक्य आहे. दुसरी गफलत आकड्याची. सोमवार आणि गुरुवार निवडून ‘10 वेळा’ लिहिलं, तर सोमवारी सुरू झालेली मालिका पाच आठवड्यांतच आटोपते. वार निवडताना गावाचा आठवडाही पाहायला हवा: शुक्रवारी दुपारी जुम्म्याची नमाज असते, ती वेळ टाळलीच पाहिजे.

ठरलेली बैठक पुढे नुसता उपचार होते, हा आक्षेप खरा आहे. पण त्याचं मूळ वार ठरवण्यात नसून शेवट न ठरवण्यात आहे. आंब्याच्या हंगामासाठी सुरू केलेली बैठक मे महिन्याअखेर थांबावी. भातलावणीच्या दिवसांत तिला कोण येणार? एखादी सुट्टी आडवी आली तर फक्त तेवढीच बैठक हलवता येते, मालिका मोडावी लागत नाही.

परदेशातल्या सभासदांचा प्रश्न मात्र नीट समजून घ्यायला हवा. आपल्या रात्री आठला दुबईत बारा महिने संध्याकाळचे साडेसहा असतात. लंडनमध्ये उन्हाळ्यात दुपारचे साडेतीन, हिवाळ्यात अडीच. कारण तिथली घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. निमंत्रण लंडनच्या वेळेवर तयार केलं, तर रत्नागिरीकरांची आठची बैठक हिवाळ्यात नऊवर जाते. म्हणून बैठक भारतीय वेळेनुसारच नोंदवा, आणि ऑक्टोबर संपण्याआधी लंडनवाल्यांना बदललेली वेळ कळवा.